कॉम्प्युटरवरच्या पखवाजाला भाव येतो का?

प्रश्न असा आहे की एका ताईंची आई चाळीसेक वर्षं भजनी मंडळात गातेय, आता तिचे आठ अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचेत. बजेट बेताचं आहे आणि ज्याला काम द्यायचं ठरतंय तो अरेंजर म्हणतोय की पखवाज, टाळ, पेटी, बासरी सगळं कॉम्प्युटरवर करू, आजकाल कुणाला फरक कळत नाही. ताई विचारतायत, खरंच कळत नाही का, आणि मशीनवर केलेल्या संगीतात खऱ्या वाद्याचा भाव येऊ शकतो का.

मी दोन्ही बाजूंनी काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. लहानपणापासून तबला, मग दहा वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि गेली २२ वर्षं डोंबिवलीत एका छोट्या स्टुडिओत प्रोग्रॅमिंग आणि अरेंजिंग. म्हणजे ज्या कॉम्प्युटरच्या पखवाजाबद्दल तुम्ही विचारताय तो मी स्वतः कितीतरी गाण्यांत वापरलाय, त्याच्यावर माझं घर चालतं, तेव्हा मी मशीनच्या विरोधात बोलतोय असं कृपया समजू नका.

थोडक्यात सांगायचं तर आवाज आता बराचसा जमतो, नुसता पखवाज ऐकवला तर भल्याभल्यांना ओळखता येणार नाही इतका जमतो. पण आईंच्या अभंगात पखवाजाचं काम साथ करण्याचं आहे, आणि साथ करायला समोरच्याचं ऐकावं लागतं, ते अजून कॉम्प्युटर करत नाही. बाकी सगळं मी याच एका गोष्टीभोवती लिहिणार आहे.

आधी आवाजाचं बघू. कॉम्प्युटरवरचा पखवाज म्हणजे नेमकं काय असतं, तर कुणीतरी एका चांगल्या कलाकाराला चांगल्या स्टुडिओत बसवून ता, धा, तिट, कत, घे असे एकेक बोल हळू, मध्यम, जोरात असे पाच पाच दहा दहा वेळा वाजवून घेतलेले असतात आणि मी की-बोर्डवर बोट ठेवलं की त्यातला एक वाजतो, या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांना सॅम्पल म्हणतात. म्हणजे तोही मुळात कुणाचा तरी खरा पखवाजच आहे. फक्त तो कुठल्या तरी एका दिवशी, कुठल्या तरी खोलीत, समोर गाणं नसताना वाजवलेला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता की-बोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती मिडी, १९८३ पासून चालत आलेली. त्या भाषेत एका आघाताचा जोर एका आकड्यात लिहितात, १ ते १२७. सूर वरखाली सरकवायची वेगळी सोय आहे, पण आघात म्हणून जे काही जातं ते एवढंच. खऱ्या हाताचं बघा, थाप कडेला पडली का मधे, चार बोटं सपाट पडली का तिरकी, हात लगेच उचलला का क्षणभर पुडीवर ठेवला, आधीच्या बोलाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, अजून चालू होती का, डाव्या पुडीवर घुमारा यावा म्हणून थापलेली कणीक ओली होती का सुकत आलेली, हे सगळं त्या १२७ पायऱ्यांत बसवायचं. बसत नाही. कणकेचं तर मी दर वेळी बघतो, स्टुडिओत एसी असतो, तासाभरात कणीक कोरडी पडायला लागते, घुमारा पातळ होतो, पखवाजवाला न बोलता बाजूच्या वाटीतलं पाणी बोटाला घेतो, कणकेवरून फिरवतो, एक थाप मारतो, मान हलवतो आणि परत तयार. सॅम्पलमधली कणीक कायम एकाच दिवसाची असते.

तबल्याच्या डग्ग्याचं अजून अवघड. मनगटाजवळची तळव्याची गादी पुडीवर दाबत पुढे सरकवली की घुमारा वर चढतो, त्यात चामडं ताणलं जातं म्हणून सूर बदलताना आवाजाचा पोतच बदलतो. कॉम्प्युटरमध्ये आपण काय करतो, एक रेकॉर्ड केलेला घे घेतो आणि त्याचा सूर चाकाने वर सरकवतो, मग त्या आवाजातलं सगळंच सारखं सरकतं, बोटाचा टपकासुद्धा सरकतो, आणि कानाला ते रबरासारखं लागतं. जाणकार नसलेल्या माणसालाही काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून आख्खे ठेके मींडेसकट, म्हणजे सूर सरकत जाण्यासकट, वाजवून रेकॉर्ड केलेले मिळतात, लूप म्हणतात त्यांना, ते कानाला छान लागतात पण लूप म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्यातला श्वास, तो तुमच्या ओळीवर बसेलच असं नाही.

आणि टाळ. अभंगात सगळ्यात जास्त फसतो तो टाळ. वीस माणसं टाळ वाजवतात तेव्हा वीसही जण एकाच क्षणी वाजवत नाहीत, केसभर मागेपुढे असतात, प्रत्येक टाळाचं कासं वेगळं, वजन वेगळं, कुणाची दोरी सैल. त्या केसभर फरकातून तो भरलेला नाद तयार होतो जो आळंदीच्या रस्त्यावर आपल्या छातीत वाजतो. कॉम्प्युटरवर एक टाळ वीस वेळा एकावर एक ठेवला तर वीस माणसं होत नाहीत, एकच मोठा टाळ होतो.

तरी हे सगळं आवाजाचं झालं, आणि आवाज सुधारत जाईल, दर दोन-तीन वर्षांनी सुधारतोच आहे. माझा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला एका रेकॉर्डिंगमध्ये नीट कळला, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक अभंग होता, गायिका पन्नाशीची, देवळात गाणारी, स्टुडिओची सवय नाही. मी सगळं प्रोग्रॅम करून ठेवलं होतं, आठ मात्रांचा भजनी ठेका, मिनिटाला ७२ मात्रांची लय, हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक. बाईंचा गळा सुंदर पण अंतऱ्यात त्या एका शब्दावर थांबायच्या, त्यांना तिथे थांबावंसं वाटायचं, मग पुढची ओळ घाईने पकडायच्या कारण ठेका पुढे गेलेला असायचा. सात-आठ टेक झाले. प्रत्येक टेकला त्या थोडं थोडं कमी थांबायला लागल्या, म्हणजे मशीनला सांभाळून घ्यायला लागल्या, आणि नवव्या टेकला सगळं अचूक झालं. अचूक आणि बेचव. त्यांचा मुलगा बाहेर बसला होता तो म्हणाला, आई घरी असं नाही गात.

दुसऱ्या दिवशी मी एका पखवाजवाल्याला बोलावलं, दिंडीत वाजवणारा माणूस, नोटेशन वगैरे काही माहीत नाही. क्लिक बंद केला, दोघांना समोरासमोर बसवलं. पहिल्याच टेकला बाई त्या शब्दावर थांबल्या, आणि या माणसाने काय केलं, तर वाजवणं जवळजवळ सोडलं. डावा हात पुडीवर ठेवून दिला, उजव्या हाताने नुसती लय दिसेल एवढा हलका बोल चालू ठेवला. बाईंना जागा मिळाली, त्यांनी तो शब्द अजून एकदा घेतला, जो त्या आदल्या दिवशी एकदाही घेतला नव्हता, आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येताना त्यांनी मान जराशी खाली केली तसा ह्याने असा काही धा टाकला की मी इकडे काचेमागे बसलेलो माझ्या अंगावर काटा आला. एका टेकमध्ये काम झालं.

आता मी प्रोग्रॅमिंगवाला माणूस, मला राहवेना, रात्री तो टेक कॉम्प्युटरवर उघडून एकेक आघात मोजला. सुरुवातीला लय साधारण ७० होती, शेवटच्या गजरापर्यंत ७८ला गेली होती आणि कुठे वाढली ते ऐकताना कळतच नव्हतं. सम कधी गायिकेच्या अक्षराबरोबर, कधी ३०-४० मिलिसेकंद नंतर, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा तिसावा भाग, आणि जिथे ती जोर लावून आली तिथे पखवाज किंचित आधी. मग मी ते सगळे वेळ आणि जोर उचलून माझ्या सॅम्पलच्या पखवाजाला दिले. आवाज तोच मशीनचा, वेळ त्या माणसाचे. खरं सांगतो, फरक डोळे उघडणारा होता, आदल्या दिवशीचा मेलेला ठेका एकदम जिवंत वाटायला लागला, खऱ्या पखवाजाच्या पाऊण वाटेवर तो येऊन पोचला. म्हणजे ज्याला आपण भाव म्हणतो त्याचा मोठा हिस्सा आवाजात नसून वेळेत होता, आणि वेळ तर कॉम्प्युटरला देता येते.

इथेच थांबलो असतो तर मी तुम्हाला सांगितलं असतं की जमतं, करा कॉम्प्युटरवर. पण महिन्याभराने तोच अभंग दुसऱ्या एका गायकाला हवा होता, तेव्हा मी तोच ट्रॅक, त्या माणसाच्या वेळा दिलेला, त्याच्या हेडफोनमध्ये लावला. आणि तो जिवंत ठेका परत मेला. उलट क्लिकवरच्या ठेक्यापेक्षा जास्त त्रास द्यायला लागला, कारण तो भलत्याच ठिकाणी थांबत होता, हा गायक थांबत नव्हता तिथे. तेव्हा मला समजलं की ते मागेपुढे होणं, ते हलकं होणं हे वाजवण्याचे गुण नव्हतेच, ती त्या बाईंना दिलेली उत्तरं होती. प्रश्न बदलला की जुनी उत्तरं कुठे बसणार.

सॉफ्टवेअरमध्ये ह्युमनाइझ नावाचं एक बटण असतं, ते आघातांना थोडंसं मागेपुढे ढकलतं, कसंही, लॉटरी काढल्यासारखं. बरेच अरेंजर तुम्हाला सांगतील की ते दाबलं की माणसासारखं वाजतं. ते माणसाच्या चुकांसारखं वाजतं. पखवाजवाला ४० मिलिसेकंद मागे आला तो चुकून आला नव्हता, त्याने श्वास ऐकला होता.

म्हणून मी मशीन विरुद्ध वाद्य असा वाद घालत नाही, त्या वादात चुकीच्या बाजूने बोललं जातं. आपल्याकडच्या पेटीचंच बघा. हार्मोनियम परदेशातून आलेली, तिला मींड नाही, आंदोलन म्हणजे सुराचं हलकं झुलणं नाही, सूर ठोकळ्यासारखे पक्के, आणि याच कारणांसाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी घातली होती. तेव्हाच्या जाणकारांचे आक्षेप आज सॅम्पलवर घेतात जवळजवळ तसेच होते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होते. तरी गोविंदराव टेंब्यांपासून आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकरांपर्यंत आपल्या मातीत पेटीची केवढी मोठी परंपरा झाली. कशी झाली, तर पेटीवाला गायकाच्या अर्ध्या पावलाने मागून येतो, तो काय म्हणतोय ते ऐकून त्याचं शेपूट उचलतो, तान संपली की ती जिथे संपली तो सूर धरून ठेवतो, गायक दम घेतो तेवढा वेळ भरून काढतो. जी मींड पेटीवर नाही ती ऐकणाऱ्याला ऐकू येते कारण गायकाच्या गळ्यातली मींड अजून हवेत असते. ठोकळ्याच्या सुरांचं यंत्र, पण मागे ऐकणारा माणूस.

बिजलीवर चालणाऱ्या वाद्याचंही तेच. १९५४च्या नागिन सिनेमातली बीन, जी ऐकून अजून पोरं वरातीत दोन्ही हात डोक्यावर नेऊन डोलतात, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या बिजलीच्या की-बोर्डवर ती वाजवली होती आणि जोडीला रवींची हार्मोनियम होती, संगीत हेमंतकुमारांचं. एवढ्या वर्षांत कुणाला त्यात भाव कमी पडल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि मी स्वतः ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो, तो तर सरळसरळ मशीन, आठ रबरी चौकोन, पण लावणी चालू असताना नजर नाचणारीच्या पावलावर ठेवून तोडा दिला की माणसं उठून उभी राहायची. आवाज रोलंड कंपनीचा होता पण वेळ माझी होती आणि ती मी तिच्याकडून घेत होतो.

आता उलट बाजू, ही तुम्हाला कुणी सांगणार नाही. लाईव्ह वाद्य आणलं म्हणजे भाव आलाच असंही नाही. पूर्वी मुंबईत सिनेमाची गाणी व्हायची तेव्हा गायक, तबला, ढोलकी, व्हायोलिनवाल्यांची रांग सगळे एकत्र एकाच वेळी वाजवायचे, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर-वादकांनी त्या रांगांना वळण लावलं, एकाने चूक केली की सगळ्यांनी परत. त्यात त्रास फार होता पण प्रत्येक जण प्रत्येकाचं ऐकत होता. मग मल्टिट्रॅक आलं, डबिंग आलं, म्हणजे प्रत्येकाचं वेगवेगळं, वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करणं. आज बासरीवाला येतो तेव्हा गाणं अजून गायलेलं नसतं, त्याला हेडफोनमध्ये क्लिक आणि एक की-बोर्डवरची धून दिली जाते, तो तीन तुकडे वाजवतो, पाकीट घेतो, पुढच्या स्टुडिओला जातो. कलाकार उत्तम, बासरी खरी, आणि तरी गाण्यात ती चिकटवल्यासारखी वाटते. त्याचा काय दोष, त्याने कुणाचं ऐकायचं होतं? तुमचा अरेंजर जर म्हणाला की ठीक आहे, पखवाजवाला बोलावतो पण आईंचं गाणं नंतर घेऊ, तर ते पैसे निम्मे वाया गेले असं समजा.

एक गोष्ट मात्र मशीनच्या खात्यात नेहमी चुकून पडते ती सांगून टाकतो, सुराची. बऱ्याचदा लोक म्हणतात की कॉम्प्युटरचं संगीत कोरडं वाटतं, आणि शोधायला गेलं तर कारण निघतं ट्युनिंग. तंबोरा नीट लागलेला असेल, जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवतात तो धागा, बरोबर जागी बसलेला असेल, तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी वाजवत नसताना. तो गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट. की-बोर्डचा गंधार ४०० सेंटवर. चौदा सेंटचा फरक, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. आईंनी चाळीस वर्षं तंबोऱ्याबरोबर गायलंय, त्यांचा गळा न सांगता खालच्या गंधारावर जातो, आणि मागे अरेंजरने व्हायोलिनचा गुबगुबीत पॅड, म्हणजे मागे सतत चालू राहणारा सुरांचा थर, पसरून ठेवलेला असतो त्यात वरचा गंधार. मग होतं काय, गळा गोड, पॅड गोड आणि दोन्ही मिळून आंबट, त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी म्हणतं काकू जरा उतरतायत आणि त्यांचा आवाज सॉफ्टवेअरने सरळ करून टाकतं. ते होऊ देऊ नका, हात जोडून सांगतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकेका स्वराचं ट्युनिंग सेंटमध्ये बदलता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, गंधार चौदाने खाली, शुद्ध धैवत सोळाने खाली, निषाद बाराने खाली, कोमल गंधार असेल तर तो उलट सोळाने वर. आणि याहून सोपा उपाय म्हणजे आई जिथे गंधारावर थांबतात तिथे पॅडमध्ये गंधार ठेवायचाच नाही, नुसते सा आणि प.

तंबोऱ्यासाठी मात्र माझ्याकडून मशीनला पूर्ण होकार आहे. मिरजेचा खरा तंबोरा, ज्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, तो समोर असेल आणि लावणारा माणूस असेल तर त्याच्यासारखं काही नाही. पण मोबाईलच्या ॲपमधले हल्लीचे बरेचसे तंबोरे खऱ्या तंबोऱ्यावरूनच घेतलेले असतात आणि तंबोऱ्याने गायकाचं ऐकायचं नसतं, गायकाने त्याचं ऐकायचं असतं. पट्टी बरोबर लावा आणि निर्धास्त राहा.

आता एआयचं, कारण ते तुमच्या मनात असणारच. सुनो, उडिओ ही नावं तुमच्या घरातल्या पोरांना माहीत असतील, २०२३च्या शेवटापासून आणि २०२४मध्ये ती सगळीकडे पसरली, चार ओळी लिहून दिल्या की गळ्यासकट आख्खं गाणं. मी लावून बघितलंय, अभंगही बनवून बघितलाय, आणि पहिल्यांदा ऐकताना मला धक्का बसला, कारण त्यात पखवाज गायकासाठी थांबतो! जे मला प्रोग्रॅमिंगने जमत नव्हतं ते तिथे दिसतंय. मग विचार केला की हे येतंय कुठून, तर ती सिस्टिम प्रचंड रेकॉर्डिंग्ज ऐकून शिकलीय, आणि त्या रेकॉर्डिंग्जमध्ये माणसं एकमेकांचं ऐकत होती, त्या ऐकण्याचा वळ तिने उचललाय. याच कारणावरून जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्या या दोघांविरुद्ध कोर्टात गेल्या. तेव्हा एआयच्या गाण्याने तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पाणी खरंच आहे.

याचं एक जुनं उदाहरण आहे. डेव्हिड कोप नावाच्या संगीतकाराने बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या शैलीत रचना करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. १९९७ साली अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात श्रोत्यांना तीन तुकडे ऐकवले, एक खुद्द बाखचा, एक प्रोग्रॅमचा, एक स्टीव्ह लार्सन नावाच्या प्राध्यापकांनी लिहिलेला. श्रोत्यांनी प्रोग्रॅमचा तुकडा बाखचा ठरवला आणि लार्सन यांचा तुकडा कॉम्प्युटरचा. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा, कॉम्प्युटर जिंकला. रचनेपुरतं हो, जिंकला. पण तिन्ही तुकडे वाजवले होते एका पियानोवादिकेने, स्वतःच्या हातांनी, समोर बसलेल्या माणसांसाठी. तो भाग सांगताना गळतो.

आणि तुमच्या बाबतीत एआयचा प्रश्न तसा येतच नाही हो ताई. तुम्हाला एक सुंदर अभंग नकोय, तसे हजारो आहेत. तुम्हाला आईचा अभंग हवाय. ती कुठे थांबते, कुठल्या शब्दावर तिचा आवाज जरासा फुटतो, गजरात ती कशी पुढे सरकते, हे उद्या तुमच्या मुलांना ऐकायचंय. त्यासाठी मागचं वाद्य तिच्या मागून आलं पाहिजे, ती वाद्याच्या मागून जाता कामा नये.

मग बेताच्या बजेटमध्ये काय करायचं. सगळे पैसे एका दिवसावर आणि दोन माणसांवर लावा, पखवाजवाला आणि पेटीवाला, आणि शक्यतो आईंच्या मंडळातलेच, नाव असलेले स्टुडिओवाले कलाकार नसले तरी चालतील, आईंच्या मानेची सवय असलेला माणूस जास्त कामाचा. तिघांना एकत्र रेकॉर्ड करा, क्लिकशिवाय. अरेंजर कुरकुर करेल कारण क्लिक नसला की नंतर कॉम्प्युटरवर बाकीची वाद्यं बसवायला त्याला दुप्पट वेळ लागतो, हे खरं आहे, मीही कुरकुरतो. त्याला सांगा की आधी टेक घ्या, मग त्या टेकवरून लयीचा नकाशा बनवा, सॉफ्टवेअर हे करतं, म्हणजे कॉम्प्युटरची वाद्यं आईंच्या लयीप्रमाणे चालतील. पूर्वी हे फार किचकट होतं, आता तासाभराचं काम आहे. पेटीच्या मायक्रोफोनमध्ये आईंचा आवाज गळतो, आईंच्या मायक्रोफोनमध्ये पखवाज, त्यामुळे नंतर एखादी ओळ वेगळी दुरुस्त करता येत नाही, हेही तो सांगेल. सांगू दे. आठ अभंग त्या चाळीस वर्षं गातायत, दोन-तीन टेकमध्ये होतील.

टाळासाठी शेवटी मंडळातल्या चार-पाच बायकांना बोलवा, एका मायक्रोफोनसमोर अर्धगोल उभ्या करा, टेक ऐकवत टाळ वाजवून घ्या, मग जागा बदलून परत, मग अजून एकदा. तीन वेळा पाच म्हणजे पंधरा टाळ झाले, आणि पंधराही वेगळे. याला पैसे लागत नाहीत, चहा-पोहे लागतात, आणि गजराचा कोरसही त्याच वेळी होऊन जातो. तंबोरा ॲपवरचा घ्या. स्ट्रिंग्ज, बेस, मागचं भरणं जे काही अरेंजरला घालायचंय ते खुशाल कॉम्प्युटरवर करू द्या, ते मागे राहणारं काम आहे आणि तिथे मशीन छान चालतं, फक्त वर लिहिलेलं गंधाराचं लक्षात ठेवा. बासरी हवीच असेल आणि पैसे उरले तर बासरीवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा, आईंचं पूर्ण गाणं हेडफोनमध्ये देऊन, आणि त्याला सांगा की तुकडे आम्ही दिलेले नाहीत, ऐका आणि वाटेल तिथे वाजवा. उरले नाहीत तर बासरी नको. सॅम्पलची बासरी अभंगात घालू नका, तिला दम लागत नाही आणि ते तिसऱ्या ओळीला कळायला लागतं.

आदल्या दिवशी तिघांना घरीच एकदा बसवा, मायक्रोफोन नाही, मोबाईल रेकॉर्डिंग नाही, नुसतं गाऊ दे. पट्टी तिथेच ठरवून घ्या, स्टुडिओत सकाळी आवाज अर्धा सूर खाली असतो त्याचा विचार करून वेळ दुपारची घ्या. पखवाजवाल्याला कणकेचं विचारून ठेवा, नाहीतर स्टुडिओच्या आसपास पीठ शोधत फिरावं लागतं, मी फिरलोय. आणि अरेंजरला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, आईंना काचेच्या बूथमध्ये एकट्या आणि पखवाजवाला बाहेर असं बसवायचं नाही, आवाज गळला तर गळला, पण पखवाजवाल्याला आईंची मान दिसली पाहिजे.